रवा आणताच भाजून ठेवा
पावसाळा सरला की रव्याच्या डब्यात जाळी दिसते, पोरकिडे फिरू लागतात. म्हणून रवा आणला की चाळून, कोरडाच मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतायचा. रंग बदलू द्यायचा नाही; हाताला हलका लागला, खमंग वास सुटला की पुरे. मग परातीत पसरून पूर्ण गार करायचा. कोमट भरला तर झाकणाला आतून घाम येतो. मी एकदा घाई केली आणि गुठळ्याच फोडत बसले. डबाही उन्हात वाळवलेला हवा. ऑक्टोबरचं ऊन एवढ्यासाठी तरी कामाला येतं! तळाशी उरलेल्या जुन्या रव्यावर नवा ओतू नका. असा रवा महिनाभर सहज टिकतो, उपमा झटपट होतो. दिवाळीच्या लाडवांसाठी मात्र तो तुपात पुन्हा भाजावाच लागतो.