घरातल्या मारहाणीत स्वसंरक्षणाचा हक्क: तो कसा ओळखावा आणि न्यायालयात कसा टिकवावा

स्वसंरक्षणाचा कायदा काही मिनिटांकडे पाहतो, तर घरातली हिंसा अनेक वर्षे चाललेली असते. या विषयातल्या बहुतेक अडचणी या एका विसंगतीतून निर्माण होतात. वर्षानुवर्षे मार खाल्लेली स्त्री एके दिवशी प्रतिकार करते आणि त्यात पती जखमी होतो, तेव्हा पोलिसांच्या पंचनाम्यात फक्त त्या रात्रीची जखम येते, आधीच्या वर्षांची एकही ओळ येत नाही. म्हणून हा हक्क वापरायचा कसा, इतकेच समजून घेणे पुरेसे नाही. त्या काही मिनिटांमागचा काळ न्यायाधीशांसमोर पुराव्याच्या रूपात कसा ठेवायचा, हेही माहीत असायला हवे.

१ जुलै २०२४ पासून हा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. त्या तारखेच्या आधी घडलेल्या घटनेला जुनीच कलमे लागू होतात. हा हक्क स्त्री-पुरुष सर्वांना आहे. तो स्वतःच्या शरीरापुरता मर्यादित नसून दुसऱ्याच्या बचावासाठीही वापरता येतो, म्हणजे आईवर हात उगारणाऱ्या बापाला अडवणाऱ्या मुलालाही तो मिळतो. हल्ला करणारा दारूच्या नशेत होता, त्याला शुद्ध नव्हती, म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही, असे कलम ३६ सांगते. ‘तो शुद्धीत नव्हता हो’ हे वाक्य नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकू येते की हे कलम आवर्जून लक्षात ठेवावे.

हक्क सुरू कधी होतो आणि संपतो कधी, याचे उत्तर कलम ४० मध्ये आहे. हल्ल्याचा प्रयत्न झाला किंवा धमकी दिली गेली आणि त्यातून धोक्याची रास्त भीती निर्माण झाली, की हक्क सुरू होतो. पहिला फटका बसेपर्यंत थांबण्याची गरज नाही. ती भीती टिकते तोवर हक्क टिकतो. गळा दाबणाऱ्याच्या डोक्यात हाताशी आलेली जड वस्तू मारून सुटका करून घेणे हे संरक्षण आहे. तो खाली कोसळून निपचित पडल्यानंतर मारलेला पुढचा फटका मात्र संरक्षण ठरणे फार कठीण आहे. झोपलेल्या माणसावर केलेला वार, आदल्या दिवशीची मारहाण कितीही क्रूर असली तरी, या कलमांत सहसा बसत नाही.

कलम ३७ दोन मर्यादा घालते. बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांसारख्या यंत्रणेकडे संरक्षण मागण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. या दुसऱ्या मर्यादेचा विपर्यास फार होतो. ‘गेल्या पाच वर्षांत पोलिसांकडे का गेला नाहीत?’ हा प्रश्न इथे गैरलागू आहे. प्रश्न त्या क्षणी वेळ होता की नाही, एवढाच आहे. पळून जाण्याची सक्तीही कायदा करत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली आहेत. जिवावर बेतलेल्या माणसाकडून प्रत्येक फटका मोजूनमापून मारण्याची अपेक्षा करता येत नाही, हे त्यांपैकी एक आहे.

हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, ते कलम ३८ सांगते. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक वासना शमवण्याच्या हेतूने केलेला हल्ला, अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, ॲसिड फेकणे किंवा त्याचा प्रयत्न, आणि सुटकेसाठी यंत्रणेकडे जाता येणार नाही अशा परिस्थितीत डांबून ठेवण्याच्या हेतूने केलेला हल्ला, हे त्यातले प्रसंग आहेत. शेवटच्या प्रसंगाकडे वकिलांचेही दुर्लक्ष होते. फोन हिसकावून, दाराला बाहेरून कडी लावण्यासाठी मारहाण करणे घरातल्या हिंसेत नवे नाही. बलात्काराच्या बाबतीत मात्र एक कटू वास्तव आहे. अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग संहितेच्या कलम ६३ च्या अपवादामुळे बलात्कार ठरत नाही. त्यामुळे पतीविरुद्ध फक्त त्या मुद्द्यावर विसंबणे धोक्याचे असते आणि जबर दुखापतीची किंवा मृत्यूची भीती वेगळी सिद्ध करावी लागते.

आता पुराव्याकडे वळू. सर्वांत उपयोगी पुरावा घटनेच्या कितीतरी आधी तयार झालेला असतो. मारहाणीनंतर डॉक्टरांकडे जावे आणि जखम ‘घरात पडल्याने’ झाली असे न सांगता ती कोणी, कशाने केली ते नोंदवून घ्यावे. गळा दाबला असेल तर बाहेरून व्रण दिसेलच असे नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके दिसणे ही लक्षणे डॉक्टरांना स्वतःहून सांगून लिहून घ्यावीत. पोलीस ठाण्यात गेल्यावर बऱ्याचदा फक्त अदखलपात्र नोंद (एनसी) होते. ‘एनसीने काय होतं?’ असे लोक म्हणतात. तिच्यामुळे लगेच अटक होत नाही, हे खरे आहे. पण तीन वर्षांत झालेल्या चार एनसी पुढे न्यायालयात तारखांसह बोलतात, आणि ‘हे सगळे आता बचावासाठी रचलेले आहे’ या आरोपाला त्याहून चांगले उत्तर मिळणे अवघड आहे. फोटो आणि ध्वनिमुद्रणे मूळ फोनमध्येच राहू द्यावीत, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र देताना त्यांचा उगम दाखवावा लागतो. त्यांची एक प्रत विश्वासातल्या व्यक्तीकडे ठेवावी.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याचाही इथे दुहेरी उपयोग होतो. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे नोंदवलेला घटना अहवाल हा स्वतंत्र सरकारी दस्तऐवज असतो. कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून कलम १८ खालचा संरक्षण आदेश मिळवता येतो आणि तातडीच्या प्रसंगी कलम २३ खाली समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश होऊ शकतो. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा आदेश असताना पती घरात घुसला असेल, तर त्या रात्रीची भीती ‘रास्त’ होती हे पटवणे पुष्कळ सोपे जाते. या अधिनियमाखाली संरक्षण फक्त स्त्रीला मागता येते. पुरुषाला संहितेतल्या हक्कावर आणि नेहमीच्या फिर्यादीवर अवलंबून राहावे लागते.

प्रतिकाराची घटना घडून गेलीच, तर आधी सुरक्षित जागी जावे, ११२ वर फोन करावा आणि जखमी व्यक्तीसाठीही मदत मागावी. तो फोन तुम्ही केला होता, ही गोष्ट हेतूबद्दल बरेच काही सांगून जाते. फरशी पुसू नये, तुटलेल्या वस्तू उचलू नयेत, फाटलेले कपडे धुऊ नयेत. पोलिसांना थोडक्यात सांगावे की माझ्यावर हल्ला झाला, मी स्वतःला वाचवले आणि वकिलांशी बोलल्यावर सविस्तर सांगेन. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, परंतु तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग वापरता येतो; त्यामुळे घाबरून, रडत दिलेला लांबलचक जबाब टाळलेलाच बरा. मात्र आपली स्वतःची फिर्याद द्यायला विसरू नये, नाहीतर कागदावर एकाच बाजूची कहाणी राहते.

अटक झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक आणि खटल्याच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ५३ खाली वैद्यकीय तपासणी होते. स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी लागते. त्या वेळी आपल्या अंगावरची लहानसहान जखम, ओरखडाही दाखवावा. आरोपीच्या अंगावरच्या लक्षणीय जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही, तर त्यांची कहाणी संशयास्पद ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालात म्हटले आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर असाधारण परिस्थिती, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

खटल्यात हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, परंतु तो फिर्यादी पक्षाच्या भाराइतका जड नसतो. आपली बाजू अधिक संभवनीय आहे एवढे दाखवणे पुरते. हक्काची मर्यादा ओलांडली गेली असली तरी सगळे संपत नाही. बचाव सद्भावनेने, पूर्वयोजनेशिवाय आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना केलेला असेल, तर न्याय संहितेच्या कलम १०१ च्या अपवादाप्रमाणे हल्लेखोराचा मृत्यू खून न ठरता कलम १०५ खालचा सदोष मनुष्यवध ठरतो. दीर्घकाळ मार खाणाऱ्या स्त्रीच्या मनःस्थितीचा विचार करून गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका पत्नीची खुनाची शिक्षा सौम्य केली होती. तिथेही, पतीच्या हातातले लाकूड हिसकावून घेण्यापूर्वी तिला त्याच लाकडाने मार बसत होता, हे पुराव्यात आलेले होते.

आणखी एका ठिकाणी अनेक प्रकरणे बिघडतात. साक्षी संपल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात, आणि सवयीने प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ असे उत्तर दिले जाते. स्वसंरक्षणाचा बचाव घ्यायचा असेल तर हे उत्तर घातक आहे, कारण मी मारलेच नाही आणि मी जीव वाचवण्यासाठी मारले, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. त्या दिवसाआधी वकिलांसोबत बसून लेखी निवेदन तयार करावे, ते दाखल करावे आणि साक्षीदारांच्या उलटतपासणीतही तीच भूमिका पहिल्या दिवसापासून मांडली जाईल याची खात्री करून घ्यावी.