दारात वाळूची पोती लावताना

वाळूचं पोतं हे फक्त वजन. पाणी खरं अडतं ते त्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाने, आणि तरीही थोडं झिरपतंच. ते आतून बादलीने किंवा छोट्या पंपाने काढत राहायची तयारी असेल, तर फूट-दीड फूट पाणी उंबऱ्याबाहेर ठेवता येतं.

त्याहून मोठ्या पुरात या खटाटोपाला अर्थ नाही. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४० आणि ४५. या नद्या हळूहळू चढतात, त्यामुळे इशारा पातळीला पोती भरायला घेतली तरी वेळ पुरतो. चिपळूणला मात्र २२ जुलै २०२१ ला तळमजलेच बुडाले. तसं पाणी येणार असेल तर सामान वर चढवा आणि वेळेत बाहेर पडा.

सिमेंटची रिकामी पोती फुकट मिळतात, पण गवंड्याने ती बहुधा मधोमध फाडलेली असतात. त्यापेक्षा साखरेची, धान्याची नाहीतर युरियाची विणलेली पोती घ्या. गोणपाटही चालतं, फक्त ओलं राहिलं की कुजतं. आत नदीची वाळू किंवा क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू भरा. मुरमातले टोकदार खडे पोतं फाडतात. काळी माती भिजली की फुगते, घसरते आणि विणीतून चिखल होऊन बाहेर येते.

पोतं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, साधारण दोन घमेली, वजन २० किलोच्या आसपास. सर्वांत जास्त चूक इथेच होते. गच्च भरलेलं पोतं लोडासारखं गोल राहतं, शेजारच्याला बिलगत नाही आणि मधल्या फटीतून पाणी वाट काढतं. तोंड सुतळीने बांधायचंच असेल तर अगदी टोकाला बांधा. न बांधता दुमडून पोत्याखाली दाबलं तरी पुरतं.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळू. त्यात अशी दोनशेच्या वर पोती होतात. साडेतीन फुटी दाराला दोन्ही बाजूंनी थोडी जास्त धरून पाच फूट लांबीची भिंत लागते. फूटभर उंचीला खाली तीन रांगा, त्यावर दोन, वर एक, म्हणजे १८ ते २० पोती. फाटतील तेवढी धरून २५ भरा. पायाची रुंदी उंचीच्या तिप्पट हवीच. एकाच रांगेत उभी चळत रचली तर पाण्याच्या रेट्याने ती आत कलंडते.

जागा आधी झाडून घ्या. पालापाचोळ्यावर ठेवलेलं पोतं घसरतं. पोती उंबऱ्याला समांतर आडवी टाका आणि प्रत्येकाचा भरलेला भाग आधीच्याच्या रिकाम्या तोंडावर येऊ द्या. थर झाला की पायांनी तुडवून चपटा करा. वरच्या थराचे सांधे विटकामासारखे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका.

आता जाड, सुमारे २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. तो पाण्याच्या बाजूने जमिनीवर फूटभर पुढे पसरा, भिंतीवरून माथ्यापलीकडे न्या आणि दोन्ही कडांवर पोती ठेवा. कागद सैल राहू द्या. ताणलेला कागद पाण्याचं वजन आलं की फाटतो. चौकटीजवळच्या फटीत मघाशी नाकारलेल्या काळ्या मातीचा घट्ट गोळा ठोकून बसवा. इथे तिचं फुगणं कामी येतं.

एवढं करूनही घरात पाणी दिसलं तर मोरीकडे बघा. गटार तुंबलं की पाणी न्हाणीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून उलटं येतं, दारात ते पोचायच्याही आधी. जाळीवर प्लास्टिक आणि त्यावर पोतं ठेवा. भांड्यात मजबूत पिशवीत घातलेलं छोटं पोतं दाबून बसवा. मेन स्विच पाणी यायच्या आधी बंद करा, ओल्या पायांनी नाही.

बाहेर दोन फूट पाणी साचलं की मीटरभर रुंद दारावर साधारण १८० किलोचा रेटा येतो, तीन फुटांना चारशेच्या वर. तेवढाच घराच्या भिंतीच्या प्रत्येक मीटरवरही येतो, आणि मातीत बांधलेली जुनी भिंत तो सोसत नाही. म्हणून दोन फुटांच्या वर पाणी अडवू नका. ते आत येऊ द्या. घर भिजेल पण उभं राहील.

पूर ओसरल्यावर ही पोती सांडपाण्याने भरलेली असतात. हातमोजे, गमबूट घालून उचला, मुलांना खेळायला देऊ नका आणि वाळू गटारात ओतू नका, नाहीतर पुढच्या पावसात तेच गटार तुंबेल. न वापरलेली पोती सावलीत झाकून ठेवा. उन्हात पडलेल्या विणलेल्या प्लास्टिकचा काही महिन्यांत भुगा होतो, आणि ते कळतं ऐनवेळी, पोतं उचलल्यावर.