मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करताय? मग आधी सॅम्पल साइजच्या त्या ३८४ चं बघा

पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा कशी असते, नेटवाल्यांना काय सवलत, मास्टर्सला ५५ टक्के लागतात वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मी एमबीए कॉलेजात शिकवत शिकवत पार्ट टाइम पीएचडी करतेय, थिसिस सबमिशनच्या तोंडाशी आहे आणि डोकं अजून ठिकाणावर नाहीये, त्यामुळे मधेमधे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आधी कशासाठी करायचीय ते ठरवा. शिकवण्याच्या नोकरीसाठी किंवा प्रमोशनसाठी हवी असेल तर यूजीसीच्या नियमांत बसणारीच पीएचडी लागते. कंपनीत आहात आणि एडटेकवाल्यांकडून परदेशी युनिव्हर्सिटीची ऑनलाइन डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन) घ्यायचीय तर घ्या बापडे, पैसे तुमचे, पण उद्या कॉलेजात ती दाखवून लागू या भरवशावर नको. एडटेक कंपन्यांच्या ऑनलाइन पीएचडीच्या जाहिरातींना भुलू नका असं यूजीसी आणि एआयसीटीईने २०२२ मध्येच जाहीर सांगितलंय, तरी लोक लाखो रुपये भरून मग चौकशी करत फिरतात.

गाईडबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या नावाचा नको, वाचणारा हवा. नियमाने प्रोफेसरकडे एकावेळी ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ स्कॉलर असू शकतात, आता आठ जणांत तुमचा नंबर कितवा लागणार ते तुम्हीच बघा. होकार द्यायच्या आधी त्यांच्या हाताखालचा एखादा जुना स्कॉलर गाठा, चहा पाजा आणि एवढंच विचारा की सर चॅप्टर परत कधी देतात. तो हसला की समजून जा. शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर त्यांच्याकडे झालेले थिसिस असतात, तेही चाळा, दोन-तीन थिसिसमध्ये नुसतं जिल्ह्याचं नाव बदललेलं दिसलं तर तिथून निघा.

आता मुख्य गोष्ट, ३८४. मॅनेजमेंटचे कुठलेही दहा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, उघडा, निम्म्यांत तरी सॅम्पल साइज, म्हणजे किती जणांकडून माहिती घेणार तो आकडा, ३८४ असेल. १९७० मध्ये क्रेज्सी आणि मॉर्गन यांनी एक टेबल छापलं, त्यात पॉप्युलेशन, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते सगळे मिळून, दहा लाख असेल तर सॅम्पल ३८४ येतं. सूत्र तुम्हाला कुणीही सांगेल, १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर ३८४.१६. पण हे सूत्र कधी लागू होतं ते कुणी सांगत नाही! तुमच्याकडे पॉप्युलेशनची यादी पाहिजे, त्या यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी पाहिजे आणि मोजायचं काय तर टक्केवारी. यादीच ५०० ची असेल तर त्याच टेबलात उत्तर २१७ येतं, ३८४ नाही. हे न बघता आकडा उचलायचा, शेजारी 'सिंपल रॅन्डम सॅम्पलिंग' लिहायचं आणि मग गूगल फॉर्म व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर टाकून 'प्लीज भरा' म्हणायचं, याला रॅन्डम म्हणत नाहीत.

आणि याच्याही खाली एक खड्डा आहे, मी पडले तो. माझा विषय नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या लघुउद्योगांत माणसं टिकवायला काय करतात हा. आरएसीला, म्हणजे संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीला, बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, "३८४ काय? कारखाने की माणसं?" टायटलमध्ये लघुउद्योग आहे, म्हणजे अभ्यासाचं एकक कारखाना. फॉर्म मात्र भरणार कामगार. एका कारखान्यातल्या २५ जणांनी फॉर्म भरले म्हणजे २५ धोरणं कळली असं नसतं, एकाच धोरणाबद्दल २५ मतं कळली. असे १५-१६ कारखाने फिरून ३८४ चा कोटा पुरा करायचा आणि निष्कर्षात लिहायचं 'नाशिकच्या लघुउद्योगांमध्ये असे आढळते', तर व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, प्रश्न येणारच की उद्योग किती बघितले? पंधरा. बसा मग. शिवाय आपण टी-टेस्ट, ॲनोव्हा, रिग्रेशन अशा संख्याशास्त्राच्या चाचण्या जे काही नेहमीचं चालवतो ते प्रत्येक उत्तर दुसऱ्यापासून वेगळं, स्वतंत्र आहे असं धरून चालतं. एकाच सुपरवायझरच्या शिव्या खाणारी, एकाच तारखेला उशिरा पगार घेणारी माणसं स्वतंत्र कसली? एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर तुम्हाला हे सांगणार नाही, ते गुमान आकडे काढून देतं.

तर टायटल ठरतानाच एका कागदावर लिहा, मी कुणाबद्दल बोलणार आणि मला उत्तर कोण देणार. दोन्ही एकच असेल तर छान. नसेल तर एक तर टायटल बदला नाहीतर उत्तर देणारा बदला, मालकाला किंवा एचआरला गाठा आणि कारखान्यांची संख्या वाढवा. यादीसाठी जिल्हा उद्योग केंद्र आहे, निमा-आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनांकडे सभासदांच्या याद्या असतात, कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घेऊन जा, फोनवर कुणी दाद देत नाही. यादी नाहीच मिळाली तर सरळ कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग, म्हणजे जे सोयीने भेटले ते घेतले, असं लिहा, मर्यादांच्या सेक्शनमध्ये तसं सांगा आणि निष्कर्ष तेवढ्यापुरते ठेवा. कन्व्हिनियन्स करणं पाप नाही, कन्व्हिनियन्स करून रॅन्डम लिहिणं पाप आहे. घाबरू नका, हे रजिस्ट्रेशनच्या पहिल्या वर्षात लक्षात आलं तर अजिबात अवघड नाही. डेटा गोळा झाल्यावर लक्षात आलं तर मात्र रडू येतं, खरंच सांगते.

फॉर्म कारखान्यात ठेवून येऊ नका हेही सांगते. एका ठिकाणी एचआरकडे गठ्ठा दिला, चार दिवसांत सगळे भरून परत, मी खूश. घरी येऊन बघते तर सगळ्यांवर तीच निळी शाई आणि टिका सरळ रेषेत, 'सहमत'च्या खाली सहमत. 'इथेच रिटायर व्हायला आवडेल' यालाही सहमत आणि 'नोकरी सोडायचा विचार सारखा येतो' यालाही सहमत. असा एखादा उलटा प्रश्न मधे घालायचाच, केबिनमध्ये बसून भरलेले फॉर्म लगेच पकडता येतात. नंतर मी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेटसमोरच्या टपरीवर उभी राहायचे. शिफ्ट सुटल्यावर कुणी थांबत नाही, सगळ्यांना घर गाठायचं असतं, पण लवकर आलेली माणसं चहा घेता घेता बोलतात.

'ॲनालिसिस करून देतो, चॅप्टर ४ (डेटाच्या विश्लेषणाचा) तयार मिळेल'वाल्यांकडे जाऊ नका. नैतिकता राहू द्या बाजूला, तिथून आणलेल्या टेबलातला एक आकडा परीक्षकाने विचारला की तुमचं तोंड बंद होतं. एसपीएसएस एका सुट्टीत शिकता येतं, मी आर्ट्सवाली आहे, मला आलं.

बाकीचं पटकन. कोर्सवर्कला ५५ टक्के लागतात, मिळतात. सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, १० टक्क्यांच्या आत हवी, लिटरेचर रिव्ह्यू स्वतः वाचून लिहिलात तर राहते. २०२२ च्या रेग्युलेशनमध्ये थिसिसआधी पेपर छापायची यूजीसीची सक्ती गेलीय, पण तुमच्या विद्यापीठाने ठेवली असेल तर ती पाळावीच लागते, तेव्हा विद्यापीठाचा ऑर्डिनन्स, म्हणजे नियमावली, वाचा, सिनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. आणि '२४ तासांत पब्लिश' असे मेसेज येतात ना, ते डिलीट करा.

वेळेचं टेन्शन घेणाऱ्या बायकांसाठी खास. कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, मग री-रजिस्ट्रेशनने २ आणि बायकांना त्यावर आणखी २ मिळू शकतात. बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची मिळून २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. ही रजा असते हे ऑफिसातल्या क्लार्कलाच माहीत नसेल तर रेग्युलेशनची प्रिंट काढून त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून घेऊन जा, मी तशीच गेले होते.