उंदराच्या मानेतून नोडोज गँग्लिऑन कसं काढायचं

व्हेगस या दहाव्या क्रेनियल नर्व्हचे (मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतेचे) संवेदी न्यूरॉन हवे असतील तर नोडोज गँग्लिऑन (तिच्यावरची न्यूरॉनच्या पेशींची गाठ) गाठावं लागतं. विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरात ते जेमतेम दीड मिलिमीटरचं असतं आणि नवखे हमखास भलतंच गँग्लिऑन काढतात.

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हातात असावी. पूर्ण भूल दिल्यावर हृदयातून आधी सलाइन (साधारण २०० मिली) आणि मग तेवढंच ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड (ऊती टिकवणारं रसायन) सोडा. यकृत फिकट पडलं नाही तर रक्त राहिलं असं समजा. मानेतलं सगळं लालसर दिसतं आणि नर्व्ह हुडकताना डोळे दुखतात.

उंदीर उताणा ठेवून मानेला मधोमध छेद द्या, लाळग्रंथी बाजूला सारा. श्वासनलिकेशेजारी कॅरोटिड धमनी दिसते. तिला लागून असलेली पांढरी, जाड दोरी म्हणजे व्हेगस. जवळचा बारीक धागा सिम्पथेटिकचा (स्वायत्त चेतासंस्थेच्या एका शाखेचा). व्हेगस धरून डोक्याकडे सरका. जबड्याखालच्या डायगॅस्ट्रिक स्नायूचा मागचा भाग कापावाच लागतो. जिभेकडे जाणारी हायपोग्लॉसल नर्व्ह आडवी जाते, त्याच सुमारास व्हेगसवर अर्धपारदर्शक फुगवटा येतो.

इथेच घोटाळा होतो. कॅरोटिड जिथे दुभंगते तिथे सिम्पथेटिकचं सुपीरिअर सर्व्हायकल गँग्लिऑन बसलेलं असतं. ते जास्त ठळक, म्हणून चिमटा तिकडेच जातो. खात्री एकच: सुपीरिअर लॅरिंजिअल नर्व्ह नोडोजमधून निघून स्वरयंत्राकडे जाते. ती दिसेपर्यंत कात्री चालवू नका. दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटर नर्व्ह ठेवा आणि चिमट्यात नर्व्हच धरा. गँग्लिऑन धरलं की चिरडतं.

३० टक्के सुक्रोजमध्ये ते बुडेपर्यंत ठेवा, मग क्रायोस्टॅटवर (गोठवून काप घ्यायचं यंत्र) १२ ते १४ मायक्रॉनचे उभे काप घ्या.

क्रेसिल व्हायोलेट या रंगाखाली नोडोजचे न्यूरॉन गोल दिसतात, केंद्रक बहुधा मधोमध, भोवती सॅटेलाइट पेशींचं (न्यूरॉनला वेढणाऱ्या आधारपेशींचं) कडं. हे स्यूडोयुनिपोलर (एकच तंतू निघून पुढे दुभंगणारे) न्यूरॉन. सिम्पथेटिकचे न्यूरॉन मल्टिपोलर (अनेक फाटे असलेले), केंद्रक पुष्कळदा एका बाजूला, कडं विरळ. मोटर न्यूरॉन इथे शोधू नका, त्यांच्या पेशी मेड्युलात (मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात) असतात. इथून फक्त त्यांचे तंतू जातात.

तंतूंच्या कडेने श्वान (Schwann) पेशी, म्हणजे तंतूंना वेढणाऱ्या आधारपेशी, सापडतील. मायलिनवाल्या (चरबीयुक्त आवरणाच्या) तंतूंपेक्षा मायलिन नसलेलेच जास्त, म्हणून एमबीपीचा (मायलिनमधल्या प्रथिनाचा) रंग अंधूक आला तर लगेच अँटिबॉडीला दोष देऊ नका. सॅटेलाइट पेशी ओळखायला ग्लुटामिन सिंथेटेजची अँटिबॉडी वापरा. इजा नसलेल्या गँग्लिऑनात जीएफएपी (आधारपेशींचं आणखी एक खूण-प्रथिन) फारसं उमटत नाही. एस-१०० श्वान आणि सॅटेलाइट दोन्हींना रंगवतं, मॅक्रोफेजसाठी (रोगप्रतिकारक भक्षक पेशींसाठी) आयबीए-१.

फार वर कापलं तर व्हेगसचंच, नोडोजच्या वरचं जुग्युलर गँग्लिऑनही सोबत येतं. फॉक्स-२बी (Phox2b) या प्रथिनाची अँटिबॉडी लावा: नोडोजच्या न्यूरॉनची केंद्रकं उजळतात, जुग्युलरची नाहीत.