कंपनीचं पोर्टल वापरताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात मी बसते. हजेरी, रजा, पगारस्लिप सगळं पोर्टलवर गेलं तरी माझ्या टेबलापुढची रांग हटलेली नाही. चुका त्याच, माणसं नवी.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे आपलं लॉगिन दुसऱ्याच्या हाती देणं. मोल्डिंगला एक हुशार पोरगा होता. पोर्टल सुरू झालं तेव्हा त्यानं पाळीतल्या अकरा जणांची नोंदणी एका दुपारात उरकली. ओटीपीसाठी एकेकाला कामावरून उठवायला नको म्हणून अकराही नावांपुढं स्वतःचाच मोबाइल नंबर घातला. पासवर्ड एका वहीत. दोन वर्षं कुणाचं काही अडलं नाही. जोतिबाच्या यात्रेची रजा असू दे, नाहीतर पगारस्लिप, "भावा, तेवढं टाक की" म्हटलं की काम झालं. मग तो नोकरी सोडून चाकणला गेला.

महिन्याचा पगार 21,000 च्या वर गेला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सुटतं, म्हणून अशांचा मेडिक्लेम कंपनी काढते. त्यात घरच्यांची नावं घालायची मुदत आली आणि अकरा जणांचे ओटीपी चाकणला वाजायला लागले. तो तिकडं पाळीत, मोबाइल गेटवर जमा. मी चार दिवस एकेकाचा अर्ज आणि आधारची झेरॉक्स घेऊन नंबर बदलत बसले. तरी एकाची दोन महिन्यांची मुलगी यादीत यायची राहिलीच. पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि दवाखान्याचं सगळं बिल त्यानं उसनवारी करून भरलं. पोरगी बरी झाली, पण ते बिल मी अजून विसरलेले नाही.

आता मी कुणाचंही लॉगिन स्वतः करत नाही. "ताई, तुम्हीच भरा की, घाई हाय" म्हणणाऱ्याला खुर्ची देते, नंबर त्यालाच टाकायला लावते आणि ओटीपी त्याच्याच खिशात वाजला की पुढं जाते. दहा मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

घरी गेल्यावर "साइट बंद आहे" असे फोन येतात. साइट बंद नसते. आमचं इंट्रानेट फक्त कंपनीच्या नेटवर्कवर उघडतं, पगारस्लिपचं ॲप मात्र कुठूनही चालतं.

हजेरीचा पंच राहिला तर त्याच दिवशी दुरुस्ती टाका, पगार झाल्यावर भांडायला येऊ नका.

इन्कम टॅक्सची जुनी की नवी करप्रणाली हे निवडलं नाही तर 2023-24 पासून नवीच धरली जाते. मग घरभाड्याच्या पावत्या कितीही जोडा, त्यांची सूट मिळत नाही.

आता वारसाचं. पोर्टलवर नॉमिनीचं नाव भरलं म्हणजे पीएफलाही लागलं, असं निम्मी माणसं धरून चालतात. आमच्या पोर्टलवरचं नाव ग्रॅच्युइटी आणि ग्रुप विम्यापुरतं आहे. पीएफचं नॉमिनेशन ईपीएफओच्या, म्हणजे पीएफच्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर, आपल्या 12 अंकी यूएएननं (पीएफच्या कायमच्या नंबरानं) वेगळं करावं लागतं. त्याच खात्याला 7 लाखांपर्यंतचा विमा जोडलेला असतो, हे तर फारच थोड्यांना ठाऊक.

बरं, जे तिथपर्यंत जातात तेही घाई करतात. बायकोचं नाव, आधार, फोटो, वाटा सगळं भरून 'सेव्ह' दाबतात आणि उठतात. ई-साइन (ओटीपीनं करायची ऑनलाइन सही) राहतं, नॉमिनेशन पेंडिंग पडतं. ई-साइनचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो आणि तो नंबर बऱ्याचदा जुना, बंद पडलेला असतो. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला, मग बाकीचं. लग्नाआधी भरलं असेल तर लग्नानंतर नव्यानं भरा.

"झालं ताई" एवढ्यावर मी कुणाला सोडत नाही. ई-साइन झालेली पीडीएफ उघडून दाखवायला लावते, दोन प्रती काढते. एक फाईलला, दुसरी घरी बायकोच्या हातात द्यायला.