शिवी ऐकली तशीच लिहा

कारखान्याच्या एचआरमध्ये काम करताना माझ्या टेबलावर एक ठरावीक अर्ज सतत येतो. "अमुक यांनी मला अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली, तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती." खाली सही. कोणती शिवी, किती वाजता, कुठल्या मशीनपाशी, कोण कोण ऐकत होतं, यातलं एक अक्षर नाही. अर्वाच्य म्हणजे 'बिनडोक'पासून थेट आईबहिणीपर्यंत काहीही असू शकतं. अर्ज शंभर टक्के खरा असला, तरी अशा मजकुरावर मला काही करता येत नाही. म्हणून पहिलं काम हे: शब्द जसा ऐकला तसाच, त्याच दिवशी लिहून काढा.

लाज वाटते, कळतं. आमच्याकडे टायपिंग करणारे काका कंपनीच्या आरोपपत्रात शिवीच्या जागी फुल्या मारायचे. सोवळं राहायचं, पण चौकशीच्या पहिल्याच दिवशी कामगाराचा बचाव प्रतिनिधी विचारायचा, "या फुल्यांच्या जागी नेमकं काय होतं?" मग साक्षीदार आधी माझ्याकडे बघणार, मग फरशीकडे. "मॅडमसमोर कसं सांगू?" मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवते. लिही, खाली सही कर. तो कागद दोन्ही बाजूंना दाखवून कामकाजाला जोडला जातो. यात चावटपणा काही नाही. आरोप मोघम असेल तर समोरच्याला बचाव करायचा तरी कशाचा? मोघम आरोपावर उभी केलेली चौकशी कामगार न्यायालयात टिकत नाही.

शब्द नेमका हवा, याला आणखी एक कारण आहे. शिवी किती घाण होती यापेक्षा ती कोणाला, कशावरून, कोणासमोर आणि कशासाठी दिली, यावर कायद्याचा रस्ता बदलतो.

नुसता अपमान असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 352 आहे, म्हणजे जुन्या दंड संहितेचं 504. शिक्षा 2 वर्षांपर्यंत. पण समोरचा चिडून शांतता भंग करेल, हा हेतू किंवा ही जाणीव दाखवावी लागते. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे पोलीस ठाण्यात बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून पावती हातात देतात आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. "पोलिसांनी काहीच केलं नाही" म्हणून लोक चिडतात, ते इथे. शिवीबरोबर "बाहेर भेट, हातपाय तोडतो" असं काही आलं, तर ती धमकी झाली. कलम 351. जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणून शिवी आठवते पण पुढची धमकी अर्जात लिहायची राहते, असं होऊ देऊ नका.

बाईला उद्देशून लैंगिक शेरा मारला तर प्रकरण वेगळंच. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात, ज्याला सगळे पॉश म्हणतात, लैंगिक अर्थाचे शेरे स्पष्ट शब्दांत आहेत. 10 किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी, घटनेपासून 3 महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी 3 महिने वाढवून देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची. शिवाय न्याय संहितेचं कलम 79 (शब्दांनी बाईचा विनयभंग) आणि 75 (लैंगिक छळ) आहेत, त्यासाठी समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. "तो सगळ्यांशीच तसं बोलतो, मनात काही नसतं" हे वाक्य मला फार वेळा ऐकवलं जातं. ते बचाव म्हणून चालत नाही. उलट त्याच्या सवयीचे साक्षीदार आयते मिळतात.

जातीवरून बोललं गेलं असेल, तर क्षणभरही घरच्या घरी मिटवायला जाऊ नका. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, 1989 च्या, कलम 3(1)(आर) आणि (एस) याचसाठी आहेत. किमान 6 महिने, कमाल 5 वर्षं, आणि अटकपूर्व जामिनाची वाट कायद्यानेच अडवलेली. इथे 'लोकांच्या नजरेसमोर' हा भाग कळीचा आहे. बंद केबिनमध्ये दोघांतच झालेलं बोलणं या कलमांत बसवणं अवघड जातं. दार उघडं असेल आणि बाहेर चार माणसं ऐकत असतील, तर गोष्ट बदलते. म्हणून अर्जात दार उघडं होतं की बंद, हेसुद्धा लिहा. क्षुल्लक वाटतं, पण पुढे वकील त्यावरच तासभर भांडतात.

आता सुपरवायझर मंडळींसाठी. कामावरून रागावणं हा गुन्हा नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका संस्थेच्या संचालकाविरुद्धचा खटला रद्द करताना सांगितलं की कामातल्या शिस्तीबद्दल वरिष्ठाने खडसावणं म्हणजे कलम 504 चा अपमान नव्हे. हा निकाल काही जण मोबाईलमध्ये जपून ठेवतात आणि शिवी द्यायचा परवाना मिळाल्यासारखे वागतात. तसं त्यात काहीही नाही. "हा जॉब तिसऱ्यांदा रिजेक्ट झाला, उद्या कारण लेखी दे" हे खडसावणं. त्याच वाक्याला त्याच्या आईचं नाव जोडलंत, की कामाचा मुद्दा हरवला आणि अर्ज तुमच्यावर आला.

कामगाराने वरिष्ठाला शिवी दिली तर नोकरी जाते का? जाऊ शकते. महिंद्रा अँड महिंद्राच्या 2005 च्या प्रकरणात कामगाराने साहेबाला, हाताखालच्या लोकांसमोर, एकदा नव्हे तर दोनदा अतिशय घाण शिव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. पण व्यवस्थापनाने एवढाच निकाल खिशात घालून फिरू नये. 1982 मध्ये त्याच न्यायालयाने अशिष्ट बोलण्यासाठी केलेली बडतर्फी जास्त कडक ठरवून दोन वेतनवाढी रोखण्यावर भागवलं होतं, कारण त्या माणसाची आधीची नोकरी स्वच्छ होती. म्हणून शिक्षा ठरवण्याआधी त्याची फाईल उघडा. चिडवलं कोणी, पहिला शब्द कोणाचा, हेही पाहा. समोरच्यानेही शिवी दिली असेल तर दोघांना नोटीस काढा. एकालाच काढलीत, तर तुमचा पक्षपात तुम्ही स्वतःच लिहून दिलात.

व्हॉट्सॲप ग्रुपवरची शिवी सर्वांत सोपी, कारण ती आधीच लिहिलेली असते. स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ चॅट आणि फोन जपा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. अजूनही कोणी कोणी अर्जात आयटी कायद्याचं 66ए, म्हणजे आक्षेपार्ह ऑनलाइन मेसेजचं कलम, टाकतं. ते 2015 मध्येच रद्द झालं. काढून टाका. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं आहे. त्यामुळे ज्याने टाइप केलं त्याचंच नाव घ्या.

आणि तुमच्याच तोंडून गेली असेल तर? कारणे दाखवा नोटिशीला मुदतीत उत्तर द्या. गप्प बसलात तर चौकशी तुमच्याशिवाय पुढे जाते. शब्द बोललाच नसाल तर तसं स्पष्ट नाकारा. बोलला असाल तर "सर्व आरोप अमान्य" असं ठोकून देऊ नका, पाच साक्षीदार असतील तर ते खोटं पहिल्याच तारखेला उघडं पडतं. माफीनामा जरूर द्या, पण दुसऱ्याने टाइप करून आणलेल्या कागदावर न वाचता सही नको. माफीनामा म्हणजे कबुली, चौकशीत तो तसाच वाचला जातो. स्वतःच्या अक्षरात लिहा: कोणता शब्द गेला, कशावरून गेला, पुन्हा होणार नाही. न बोललेला शब्द त्यात येऊ देऊ नका, आणि पोच घेतलेली एक प्रत घरी ठेवा.