संसदेचा कायदा मुळापासून कसा शोधावा

पुण्यात मंडईबाहेर किंवा तुळशीबागेत अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली की दोन्ही बाजू कायद्याचं नाव घेतात, पण कागद कुणाच्याच हातात नसतो. तो मिळवता येतो. पथारीवाल्यांचाच कायदा शोधून बघू.

आधी पूर्ण नाव, वर्ष आणि क्रमांक लिहून घ्या: पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४, २०१४ चा ७ वा. मग ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर तो उघडा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका. सुरुवात व्याख्यांपासून, म्हणजे कलम २ पासून करा. त्यानंतर कलम ३(३): सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. कलम १८(३) मध्ये हटवण्याआधी तीस दिवसांच्या नोटिशीची अट आहे.

एखादं कलम असंच का लिहिलं, हे कळायला मागे जावं लागतं. हे विधेयक सप्टेंबर २०१२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. लोकसभेने ते ६ सप्टेंबर २०१३ रोजी, तर राज्यसभेने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी मंजूर केलं. ४ मार्चला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मूळ विधेयक, समितीचा अहवाल आणि दोन्ही सभागृहांतली चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर शोधा. वेळ कमी असेल तर समितीचा अहवाल आधी वाचा. भाषणांपेक्षा त्यात कलमवार विचार जास्त सापडतो. विधेयकाच्या शेवटी उद्देश व कारणांचं निवेदन असतं, तेही सोडू नका.

संमती मिळाली म्हणजे कायदा लागू झालाच, असं नाही. कलम १(३) पाहा: अंमलाची तारीख केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करणार, असं तिथे म्हटलंय. ती तारीख १ मे २०१४ ठरली. इतर कायद्यांतही हे कलम आवर्जून तपासा, कारण कधी कधी काही कलमं आधी आणि काही पुष्कळ नंतर लागू होतात.

उरले नियम. ते कलम ३६ नुसार राज्य सरकार करतं, म्हणून ते महाराष्ट्र शासन राजपत्रात शोधा. उदाहरणार्थ, याच कायद्याखाली स्थापन होणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे, निवडून आलेले हवेत, असं कलम २२ सांगतं. निवडणुकीची पद्धत मात्र नियमांतच सापडेल.

ओळखीचं कुणी पथारी लावत असेल, तर ३(३) आणि १८(३) ची पानं छापून त्यांना नेऊन द्या.